मागच्या सीटला आधी कळतं

चिखलदऱ्याहून परत येत होतो. ऑक्टोबर संपत आला होता. मागे बायको, दोन्ही बाजूंना सामानाचे डबे, वर दोरीनं बांधलेली एक पिशवी. परतवाड्याकडे घाट उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणावर ती म्हणाली, "अहो, गाडी मागून डुलून राहिली." मी म्हणालो, "सामान जास्त झालं आपलं." ती गप्प बसली. अमरावतीला चहा घेताना तिनं पुन्हा विषय काढला. "सामानाचं नाही वाटत मला. उन्हाळ्यात लोणारला गेलो होतो, तेव्हाही अशीच करत होती." मी चाकांची हवा तपासून घेतली. हवा बरोबर निघाली आणि मी विषय मिटवला.

चांदूर रेल्वे, धामणगाव मागे पडलं. पुलगावच्या अलीकडे नाल्यावर एक लहानसा पूल लागतो. पुलाच्या तोंडाशी भराव बसून रस्त्याला खोलगा पडलेला. आपल्या भागात असे पूल जागोजागी आहेत. गाडी साठच्या आसपास होती. पुढचं चाक नीट गेलं. मागचं खाली बसलं, वर उसळलं, पुन्हा बसलं, पुन्हा उसळलं. तेवढ्यात समोर शेताच्या वाटेवरून सोयाबीनच्या पोत्यांची ट्रॉली रस्त्यावर आली. मी ब्रेक दाबला. मागचं चाक तेव्हा जमिनीला टेकलेलंच नव्हतं. ते हवेत फिरायचं थांबलं आणि तसंच खाली आलं. गाडी आडवी झाली आणि कडेच्या मुरमावरून घसरत गेली. ट्रॉलीच्या चार-पाच हात अलीकडे आम्ही थांबलो.

बायकोचं डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. मला गुडघ्याला खरचटलं, त्यापलीकडे काही नाही. हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर होतं, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

गाडी टेम्पोत घालून वर्धेला आणली. आमच्या वस्तीतले म्हातारे मिस्त्री बघायला आले. त्यांनी एकही पाना हातात घेतला नाही. गाडी स्टॅन्डवरून उतरवून दोन्ही चाकांवर उभी करायला लावली, मला पुढचा ब्रेक धरायला सांगितला, मागच्या सीटवर दोन्ही तळवे ठेवून पूर्ण वजन टाकलं आणि हात काढून घेतले. गाडीचा मागचा भाग वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला, पुन्हा खाली गेला, तिसऱ्यांदा थोडा हलला आणि मग थांबला. मग त्यांनी खिशातला रुमाल डाव्या शॉकअपच्या खालच्या अंगावरून फिरवला. रुमालावर काळा, चिकट लगदा आला. तेल आणि धूळ मिसळून होतो तसा.

"भाऊ, हे शॉकअप कईचे मेले आहेत. तुमाले समजलं नाही का जी?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. बेचाळीस हजार किलोमीटर मी ही गाडी चालवली होती. तेल मी बदलतो, चेन मी साफ करतो, क्लच वायरही घरीच टाकतो. मग हे मला का कळलं नाही? त्या प्रश्नाचं उत्तर मला पुढे हळूहळू सापडलं. ते तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हे सगळं सांगतो आहे.

शॉकअपच्या आत दोन वेगळी कामं चालतात आणि आपण दोन्हींना एकच नाव देतो. बाहेर दिसते ती स्प्रिंग. ती गाडीचं आणि आपलं वजन तोलते, खड्ड्यात दबते आणि परत उसळते. आत नळी असते, नळीत तेल, तेलात एक दट्ट्या. दट्ट्याला बारीक भोकं असतात. चाक वर-खाली झालं की तेलाला त्या भोकांतून जावं लागतं, ते सहजासहजी जात नाही, आणि त्या अडवणुकीत उसळीचा जोर उष्णता होऊन निघून जातो. लहानपणी ज्यांनी घरात वेचणीचा कापूस पाहिला असेल त्यांना हे लगेच उमगेल. बाजेवर उडी मारली की पोरगं पुन्हा वर उडतं. कापसाच्या ढिगावर उडी मारली की तिथंच रुततं. बाज म्हणजे स्प्रिंग आणि कापूस म्हणजे आतलं तेल. प्रवासाच्या गाडीला दोन्ही हवेत.

आता सील झिजलं आणि तेल गळून गेलं तर काय होतं? कापूस जातो, बाज राहते. आणि बाज धड असल्यामुळे गाडी उभी असताना पूर्वीइतकीच उंच दिसते. सीट खाली बसत नाही, चाक मडगार्डला घासत नाही, आवाजही बहुधा येत नाही. बघणाऱ्याला काही कळू नये अशीच त्या बिघाडाची रचना आहे.

दुसरं कारण माझ्यात होतं. तेल एका दिवसात जात नाही. दर महिन्याला गाडी आधीपेक्षा थोडी जास्त डुलत होती आणि मी थोडा जास्त सांभाळून चालवत होतो. वळणावर आधीच वेग कमी करायचो. खड्डा दिसला की सीटवरून उठायचो. हे सगळं आपोआप होत गेलं. गाडी बिघडत गेली आणि मी त्या बिघाडाला साजेसा चालक होत गेलो. मागे बसलेल्या माणसाला ही सोय नसते. तो बरोबर मागच्या चाकाच्या वर बसतो, हँडल त्याच्या हातात नसतं, खड्डा त्याला आधी दिसत नाही. गाडीला जे होतं ते त्याच्या कमरेला जसंच्या तसं लागतं. म्हणून मागची सवारी "गाडी डुलते" म्हणाली तर ते सगळ्यात खरं मोजमाप समजा. माझ्या बायकोनं मला सहा महिन्यांत निदान तीनदा सांगितलं होतं.

तिसरं कारण म्हणजे मी केलेला एक उपाय, जो पुष्कळ जण करतात. गाडी मागून मऊ झाली असं वाटलं तेव्हा मी सी पाना घेतला आणि स्प्रिंगखालची रिंग एक खाच वर चढवली. गाडी कडक लागली, मला बरं वाटलं. दोन महिन्यांनी अजून एक खाच. शेवटी पाचव्या, म्हणजे शेवटच्या खाचेवर पोचलो. त्या रिंगेनं स्प्रिंग आधीपासूनच थोडी दाबून ठेवली जाते, बस. तेलाशी तिचा काही संबंध नाही. तेल गेलेल्या शॉकअपची रिंग चढवली की उसळायला स्प्रिंग तयार आणि अडवायला आत कोणी नाही, अशी स्थिती होते. बिघाड मी स्वतःच झाकत गेलो.

आमच्या जिल्ह्यातल्या रस्त्यांबद्दल थोडं सांगायला हवं. इथली जमीन काळी, भारी, कपाशीची. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून अशा भेगा पडतात की हात आत जावा. तिच्यावरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर वर-खाली होतो. खड्डा बुजवता येतो, पण ही लांबट लाट बुजत नाही. आर्वीकडे जा, समुद्रपूर-गिरडकडे जा, गाडी लाटांवरूनच जाते. खड्ड्यात शॉकअपला एकदा धक्का बसतो. लाटेवर त्याला मिनिटाला कितीतरी वेळा खाली-वर व्हावं लागतं आणि आतलं तेल सारखं तापत राहतं. त्यात मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तापलेलं तेल पातळ होतं, रबरी बुश सुकून चिरतात. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, पण त्याच्यावर दुचाकीला प्रवेश नाही, त्यामुळे फिरस्तीवाल्यांचा मुक्काम जुन्याच रस्त्यांवर. म्हणून माझं म्हणणं आहे की आपल्या भागात गाडीचं तेल बदलाल तेव्हा तेव्हा शॉकअपची परीक्षा घ्याच.

परीक्षेला पाच मिनिटं लागतात. मिस्त्रींनी केली तशीच सीट दाबून सोडा. गाडी मधल्या स्टॅन्डवर नको, चाकांवर हवी. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दुसऱ्यांदा स्पष्ट खाली गेली तर संशय घ्या, तिसऱ्यांदा हलली तर निर्णय घ्या. मग दोन्ही शॉकअप कोरड्या, पांढऱ्या फडक्यानं पुसून बघा. नुसती कोरडी धूळ निघाली तर चिंता नाही, चिकट काळं निघालं तर तेल बाहेर येतं आहे. मागच्या टायरवरून तळहात फिरवा. रबर एकसारखं झिजण्याऐवजी उंच-खोल, उंच-खोल असं लागलं, तर चाक रस्त्यावर नाचत चाललं आहे. शेवटी गाडी मधल्या स्टॅन्डवर घेऊन मागचं चाक दोन्ही हातांनी धरा आणि आडवं हलवा. खटखट लागली तर चिमट्याचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांडीचे, बुश किंवा चाकाची बेअरिंग गेली असेल. तेव्हा नवे शॉकअप टाकून डुलणं जाणार नाही, पैसे मात्र जातील. ही शेवटची तपासणी बहुतेक जण विसरतात.

आता दुसरी चूक. ती मी घरी केली, आणि पहिलीपेक्षा ती मला जास्त लाज आणणारी वाटते, कारण या वेळी माझ्याशेजारी माझा चौदा वर्षांचा पुतण्या होता.

माझे वडील शिक्षक होते. १९३७च्या ऑक्टोबरात वर्धेला शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम उभी राहिली. तो विचार आमच्या घरात चांगला मुरलेला आहे. हातानं काम करून शिकावं, आपलं काम आपण करावं, पोरांनी ते बघावं. शॉकअपची जोडी साडेचार हजारांना आणली आणि रविवारी सकाळी पुतण्याला बोलावून अंगणात कामाला बसलो. काम दिसायलाही सोपं आहे. दोन शॉकअप, प्रत्येकाला वर एक नट आणि खाली एक नट. एकूण चार नट.

मी चारही काढले.

गाडी मधल्या स्टॅन्डवर होती, मागचं चाक जमिनीपासून दोन बोटं वर. दुसरा शॉकअप खुंटीवरून निघाला त्या क्षणी चिमट्याला धरून ठेवणारं काही उरलं नाही. चाकासकट चिमटा खाली आपटला. माझं डाव्या हाताचं मधलं बोट चिमटा आणि सायलेन्सरची पट्टी यांच्यामध्ये होतं. नख उपटलं गेलं. फडकं गुंडाळून मी पुढच्या कामाला लागलो, इथंच थांबायला हवं होतं. आता खालची भोकं जुळेनात. चाक वर उचलल्याशिवाय नवा शॉकअप बसेना. मी चाकाखाली पारई घातली आणि दाबली. गाडीचा मागचा भाग उचलला गेला, पुढच्या चाकाला अडवायला काही नव्हतं, गाडी पुढे सरकली, मधल्या स्टॅन्डवरून उतरली आणि पुतण्याच्या बाजूला कलंडली. तो मागे उडी मारून निसटला. पावणेदोनशे किलो लोखंड त्याच्या पायाच्या वीतभर अंतरावर पडलं. टाकीतून पेट्रोल फरशीवर वाहत होतं आणि दोन हातांवर चूल पेटलेली होती, अंघोळीच्या पाण्याची.

चूल त्यानंच विझवली. बादलीभर पाणी ओतून. मी नुसता उभा होतो.

नई तालीमच्या वर्गात मूल टकळी हातात घेतं तेव्हा शिकवणारा शेजारी बसलेला असतो. मी हातानं काम करायचं एवढंच उचललं होतं, शेजारी बसणाऱ्याला विसरलो होतो. त्या संध्याकाळी मिस्त्रींकडे गेलो आणि विनंती केली की तुम्ही खुर्चीवर बसा, हात लावू नका, मी करतो, चुकलो की थांबवा. ते आले. पुढचं सगळं त्यांनी सांगितलेलं आहे, मी ते तेव्हापासून आणखी तीन गाड्यांवर केलं आहे.

जागा सपाट आणि पक्की हवी, मातीचं अंगण नको, स्टॅन्ड रुतत जातो. आसपास विस्तव नको. पुढच्या चाकाच्या पुढे आणि मागे एकेक वीट ठेवा आणि पुढच्या ब्रेकची दांडी रबरी पट्ट्यानं किंवा कापडी दोरीनं ग्रिपला करकचून बांधा. एवढं मी केलं असतं तर गाडी सरकलीच नसती. मागच्या चाकाखाली लाकडी फळी आणि तिच्यावर पाचर सरकवा, चाक जेमतेम टेकेल इतपत. पाचर थोडी आत ठोकली की चिमटा थोडा वर येतो, बाहेर ओढली की खाली जातो. भोकं जुळवायला हेच साधन, पारई लागत नाही.

नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात चिखल उडून वरचा ढक्कन नट आतून जाम होतो. गोटी पाना नटावर पूर्ण बसला आहे ना हे बघा आणि जोर लावताना पाना स्वतःकडे ओढा. पुढे ढकलला आणि निसटला तर मुठीची हाडं सायलेन्सरवर जातात. सायलेन्सर थंड असू द्या, हे वेगळं सांगायला नकोच.

नवा शॉकअप गाडीला लावण्याआधी जुन्याशेजारी ठेवून मोजा. वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंतची लांबी दोन्हींत सारखी हवी, बुशची रुंदी आणि भोकाचा व्यासही सारखा हवा. लांब शॉकअप बसतो, फक्त ताण देऊन बसवावा लागतो, आणि मग गाडीचा कल बदलतो, चेनचा ताण बदलतो, मधल्या स्टॅन्डवर घेतली तर मागचं चाकही उचलत नाही. दुकानदार "चालते जी, सगळ्या गाड्यांना बसते" म्हणाला तर पट्टी काढून मोजा. काही शॉकअपना बाजूला वायूची छोटी कुपी असते. ती वर ठेवायची की खाली, पुढे की मागे, हे पुस्तकात बघून मगच बसवा.

आणि मग मूळ नियम. एका वेळी एकच. उजवा सोडा, उजवा बसवा, नट हातानं घट्ट होतील तितके लावा, आणि त्यानंतरच डाव्याला हात लावा. एक शॉकअप जागेवर आहे तोवर चिमटा कुठेही जात नाही आणि भोकं जवळजवळ आपोआप जुळतात. मी चार नट काढून अर्धा दिवस घालवला होता. या पद्धतीनं मिस्त्रींसमोर पाऊण तासात दोन्ही बसले.

काढताना वायसर आणि बुश ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं एका कागदावर मांडत जा. मी आता मोबाइलवर फोटो काढतो, पण कागद जास्त बरा, वस्तू त्याच्यावरच राहते. खुंटीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरनं काढून पातळ ग्रीस लावा, आट्यांवर मात्र ग्रीसचा थर नको. आत नायलॉनची कडी असलेले नट असतील तर ते नवे घ्या. दहा-वीस रुपयांसाठी जुने वापरू नका, एकदा उघडल्यावर त्यांची पकड कमी होते.

नट पूर्ण कसायचे कधी, ही गोष्ट मला कुणीच कधी सांगितली नव्हती. शॉकअपच्या दोन्ही टोकांना रबरी बुश असतात. गाडी स्टॅन्डवर असताना, चिमटा खाली लोंबत असताना नट गच्च केले तर रबर त्या स्थितीत आवळलं जातं. नंतर तुम्ही गाडीवर बसता, चिमटा वर येतो आणि ते रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. महिन्याभरात चिरतं. म्हणून नट आधी बेताचे लावून गाडी खाली उतरवा, दोन्ही चाकांवर उभी करा, कुणाला तरी वर बसवा आणि मग कसा. किती कसायचं ते गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेलं असतं. टॉर्क पाना नसेल तर एका दिवसासाठी मागून आणा. माझ्या जोरावर माझा फार विश्वास होता, आणि त्याच जोरानं मी एका वरच्या खुंटीचे आटे घालवले होते.

रिंग दोन्ही बाजूंना मोजून एकाच खाचेवर ठेवा. पहिल्या दिवशी माझी डावी दुसऱ्या खाचेवर होती आणि उजवी चौथ्या. गाडी सरळ रस्त्यावरही एका अंगानं चालल्यासारखी वाटत होती. कोणती खाच योग्य, हे टेपनं कळतं. चाकाच्या आसापासून सरळ वर, सीटखाली एका ठिकाणी खूण करा. चाक हवेत असताना अंतर मोजा, मग नेहमीच्या कपड्यात, नेहमीच्या सामानासकट बसा आणि दुसऱ्याकडून पुन्हा मोजून घ्या. दोन्हींतला फरक चाकाच्या एकूण चालीच्या पाव ते एक तृतीयांश असावा. चाल ऐंशी मिलिमीटर असेल तर वीस ते सव्वीस-सत्तावीसच्या दरम्यान. मागे कुणी बसणार असेल तर त्यांना बसवून मोजा आणि खाच वाढवा. एकटे फिरताना परत उतरवा. उतरवायचं बरेच जण विसरतात.

त्यानंतर चेनचा ताण बघा आणि रात्री भिंतीवर हेडलाइटचा झोत बघा. मागचा भाग थोडा वर-खाली झाला तरी समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा प्रकाश बदलतो.

पहिली फेरी जवळची ठेवा. मी सेलूमार्गे केळझरपर्यंत गेलो, गणपतीचं दर्शन घेतलं, आणि देवळाबाहेर पाना काढून चारही नट पुन्हा तपासले. डावा खालचा पाव फेरा ढिला झाला होता. रंगाचा थर आणि वायसर बसले की असं होतं, त्यात कुणाचा दोष नसतो, पण तपासलं नसतं तर तो नट पुढे गिट्टीत पडला असता. शंभरेक किलोमीटरनंतर एकदा आणि हजारनंतर एकदा तपासा.

जोडी बदलायची म्हणजे जोडीच बदलायची. एकच गळतो आहे म्हणून एकच बदलला तर एका बाजूला अडवणूक आणि दुसऱ्या बाजूला मोकळीक होते, आणि चिमट्याला पीळ बसतो.

जुने शॉकअप घरी उघडू नका, हे मी हात जोडून सांगतो. पुतण्याला आत काय आहे ते बघायचं होतं आणि त्याची उत्सुकता रास्त होती. पण शॉकअप हातात असतो तेव्हाही स्प्रिंग दाबलेलीच असते. वरचा नट यंत्राशिवाय सोडला तर तो नट आणि टोपी बंदुकीच्या गोळीसारखी येते. वायू भरलेले असतील तर त्यात नायट्रोजन दाबाखाली असतो, त्याला भोक पाडायचं नाही, तापवायचं नाही, चुलीत टाकायचं नाही. मिस्त्रींनी त्यांच्या दुकानात दाबयंत्रावर स्प्रिंग उतरवली आणि उघडा रॉड पोराच्या हातात दिला. म्हणाले, "खाली-वर कर." त्यानं केला. अर्ध्यापर्यंत रॉडला काहीच अडवत नव्हतं, सायकलच्या बिघडलेल्या पंपासारखा तो मोकळा जात होता. मग तळाशी कुठंतरी गुळूक असा आवाज आला. उरलेलं तेल तेवढंच होतं. मग त्यांनी जवळच पडलेला एक चांगला रॉड दिला. पोरानं पूर्ण वजन टाकलं तरी तो संथ, एकाच वेगानं आत गेला, आणि तितक्याच संथपणे बाहेर आला. पोरगं ते दहा वेळा करत बसलं.

असे शॉकअप गाड्यांना पहिल्यापासून नव्हते. बुलेटला इंग्लंडात १९४९च्या मॉडेलपासून मागे चिमटा आणि तेलाचे शॉकअप आले. त्याआधी बहुतेक मोटरसायकलींचं मागचं चाक सांगाड्यात ताठ बसवलेलं असे आणि भिस्त सगळी सीटखालच्या स्प्रिंगांवर. त्या गाड्यांवर कितीतरी माणसांनी शेकडो मैल काढले. मला वाटतं, त्यांना आपल्यापेक्षा एक गोष्ट बरी होती. गाडी उडणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपली गाडी आधी उडत नसते, मग उडू लागते, आणि मधला बदल आपल्या हाताला कळत नाही.

कोणतं काम घरी करू नये तेही सांगतो. सीटखाली एकच शॉकअप आणि त्याला जोडलेल्या कड्या असलेली गाडी असेल तर ती मागून टांगावी लागते, दोरखंड आणि घोडी नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. वरची खुंटी वाकलेली असेल, सांगाड्याला जोडाजवळ तडा दिसला, किंवा नट तुटून आत राहिला तर काम थांबवा आणि गाडी टेम्पोत घाला. पुढच्या फोर्कमध्ये टोपीखाली स्प्रिंग दाबलेली असते, त्यातलं तेल आणि सील बदलायलाही आधी कुणाच्या तरी शेजारी बसून एकदा बघून घ्या. मागचे नवे टाकल्यावर पुढचे जुने आहेत हे पहिल्याच ब्रेकला जाणवतं, तेही मनात धरून पैसे बाजूला ठेवा.

बायकोचं प्लास्टर डिसेंबरात निघालं. ती पुन्हा गाडीवर बसेल की नाही, हे मी विचारलं नाही. फेब्रुवारीत तिनंच पवनारला जाऊ म्हटलं. अंतर फार नाही, पण मला ते चिखलदऱ्यापेक्षा लांब वाटलं. धाम नदीच्या पुलावरून मी अगदी हळू गेलो. ती काही बोलली नाही, आणि मी मागे वळून विचारायचं टाळलं. आश्रमाच्या पायऱ्यांशी उतरल्यावर म्हणाली, "नाही डुलली."

आता कुठंही निघायचं असलं की सामान बांधून झाल्यावर मी पुढचा ब्रेक धरून उभा राहतो. ती मागे येते, उजवा तळवा सीटवर ठेवते, कारण डाव्या मनगटावर अजून फार जोर देता येत नाही, सगळं वजन टाकते आणि हात काढून बघत राहते. "एकदाच," म्हणते, आणि हेल्मेटचा पट्टा लावायला घेते.